नॅडीन ट्वेटची बेचाळीस क्रेडिटं

नॅडीन ट्वेट खुर्चीत बसलेली फारशी कुणी पाहिली नाही. इंग्रजी विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून तिचं टेबल होतं, टेबलामागे चांगली गुबगुबीत खुर्चीही होती. पण चोवीस वर्षांत त्या खुर्चीचं कापड झिजलं नाही. फोन आला की ती उभ्याउभ्या बोलायची, बोलता बोलता वायर जाईल तिथवर जायची. कागदावर सही करायची असली तरी टेबलावर वाकून करायची, जणू बाहेर गाडी सुरू ठेवून आलीय. वेस्टरहोम हे काही मोठं गाव नव्हे. दक्षिण मिनेसोटातलं, विद्यापीठ आणि धान्याची कोठारं सोडली तर बाकी चर्चंच जास्त. त्या एवढ्याशा गावात तिने सात घरं बदलली होती. नवऱ्याशी काडीमोड होऊन वीस वर्षं झाली होती, मुलगी ओरेगॉनला. "सामान सोडलं की मला ते पुन्हा बांधावंसं वाटतं," असं ती स्वतःच सांगायची आणि हसण्यावारी न्यायची.

तिचं काम म्हणजे सर्जनशील लेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं कार्यालय. देशभरातून दरवर्षी दहाबारा मुलं कथा-कविता लिहायला शिकायचं म्हणून तिथे यायची. प्राध्यापक त्यांना वाक्य कसं कापावं ते शिकवायचे, पण पदवी कशी मिळते ते नॅडीन शिकवायची. पहिल्या दिवशी सगळ्यांना भिंतीशी उभं करून ती घडाघडा म्हणून दाखवायची, "बेचाळीस क्रेडिटं. चार कार्यशाळा, पाच साहित्याचे वर्ग, एक परकी भाषा, एक लेखनतंत्राचा वर्ग. उरलेली नऊ क्रेडिटं प्रबंधाची. गद्य असेल तर एकशेवीस पानं, कविता असतील तर अठ्ठेचाळीस. तीन जणांची समिती, तोंडी परीक्षा, जाहीर वाचन. आणि हे सगळं सात वर्षांच्या आत. सात वर्षं आणि एक दिवस झाला की पहिला वर्ग बाद होतो. प्रतिभेचं मला काही विचारू नका, ते माझ्या खात्यात येत नाही."

मुलं हसायची. मग एप्रिल आला की हसणं बंद. प्रबंध दाखल करायची वेळ एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी साडेचारची. एका वर्षी कोरिन नावाची मुलगी पाच वाजायला दहा मिनिटं असताना धावत आली. तिसऱ्या परीक्षकाची सही आणायला ती चाळीस मैल गाडी हाकत गेली होती. नॅडीन म्हणाली, "ऑगस्टात ये." पोरगी जिन्यात बसून रडली. नॅडीनने तिला पाणी नेऊन दिलं, पाठीवर हात ठेवला, पण शिक्का काही मारला नाही.

हीच बाई पहाटे पाचला उठून स्वयंपाकघरात उभ्याने लिहिते, हे विभागात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. फ्रीजवर वही ठेवायची आणि लिहायचं. लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

ती पन्नास वर्षांची झाली त्या हिवाळ्यात प्रवेशअर्जांच्या गठ्ठ्यात एक कथा आली. कुण्या शहरी मुलाने लिहिलेली. तिच्यात एक शेतकरी भरदुपारी, जेवण झाल्यावर, सवडीने गायींचं दूध काढायला निघतो. नॅडीन दुग्धशेतीच्या घरातली. पहाटे साडेचारला गोठ्यात जाणारी माणसं बघत वाढलेली. तिला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग तो राग दिवसभर गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी ती संचालिका मार्गो फिंच यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"यंदा अर्जांचा गठ्ठा मी हाताळणार नाही."

"का गं? बरं नाहीये का?"

"बरं आहे. त्यात माझा अर्ज आहे."

मार्गोने चष्मा काढला. "तुझा म्हणजे? कुणासाठी?"

"माझा म्हणजे माझाच. नोकरी करणाऱ्याला सत्राला एक वर्ग घेता येतो, नियम आहे. मीच टंकलाय तो."

मार्गोने बोटांवर हिशेब केला. सत्राला एक वर्ग, वर्षाला दोन, तीन-तीन क्रेडिटांचे. "नॅडीन, बेचाळीस व्हायला बरोब्बर सात वर्षं लागतील. एकही सत्र चुकवून चालणार नाही."

"माहीत आहे. मुदत मीच सांगते ना सगळ्यांना."

नाव झाकून कथा वाचल्या गेल्या, आणि नॅडीनची निवड झाली. सप्टेंबरात ती टेबलावर 'दोन तासांत येते' अशी चिठ्ठी लावून, तिसऱ्याच मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत पहिल्या कार्यशाळेला गेली.

कार्यशाळेचा नियम असा, की ज्याची कथा असेल त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी बोलायचं, त्याने ऐकायचं. नॅडीनला न बोलणं जमलं असतं, बसणं जमेना. तिने प्राध्यापक डेक्स्टर हॉलोवेंना विचारलं, "मी खिडकीशी उभी राहिले तर चालेल?" हॉलोवे म्हणाले, "उभी राहा, फक्त उडी मारू नकोस. माझ्या वर्गात एकदोघांनी तसा विचार केलाय."

तिने जे लिहिलं होतं ते तिच्या आईविषयी होतं. १९७४ च्या मे महिन्यात, मक्याची पेरणी आटोपल्यावर, आई घर सोडून गेली. सरोवरकाठच्या डुलुथ बंदरातून लोखंडाची माती नेणाऱ्या बोटी सुटायच्या, त्यातल्या एका बोटीवर स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून ती लागली, आणि सरोवर गोठायला लागलं तेव्हा, डिसेंबरात, परत आली. आल्यावर कोट खुंटीला अडकवला आणि तळघरातले बटाटे झाकलेत का, एवढंच विचारलं. वडिलांनी काही विचारलं नाही. चर्चमध्ये सांगितलं होतं की मावशी आजारी आहे. पुढे पस्तीस वर्षं आई जगली, पण त्या सात महिन्यांबद्दल घरात चकार शब्द निघाला नाही. बोटीचं तरी नॅडीनला कसं कळलं, तर आई वारल्यावर तिच्या शिवणाच्या डब्यात 'मर्टल' या तिच्या नावाचं खलाशाचं ओळखपत्र सापडलं म्हणून. त्यावरचा फोटो तिने कितीदा पाहिला होता. केस मागे बांधलेले, आणि तोंडावर काहीच नाही.

वर्गातली मुलं पंचविशीतली. ब्राइस नावाचा एक दाढीवाला, बोलायला फार चलाख. तो म्हणाला, "वाक्यं मस्त आहेत. पण ही बाई का जाते? मला कारण दिसत नाही. नवरा मारतो का? बाहेर कुणी आहे का? काहीतरी हवं ना. नुसतीच उठून कोण जातं?"

खिडकीशी उभ्या नॅडीनने ओठ घट्ट मिटले. नुसतीच उठून कोण जातं, हे तिला चाळीस वर्षं पडलेलं कोडं होतं, आणि या पोराला ते अर्ध्या तासात सोडवून हवं होतं. पण त्याहून वाईट म्हणजे तिला ते कोडं वाटतच नव्हतं. मे महिना आला की तिच्या स्वतःच्या पायांना काय होतं ते तिला ठाऊक होतं. सात घरं तिने काही उगाच बदलली नव्हती.

वर्षं अशी सत्रांनी मोजली गेली. परकी भाषा म्हणून तिने नॉर्वेजियन घेतली, आजी शिव्या द्यायची तीच भाषा, आणि वर्गात व्याकरणाहून शिव्याच जास्त यायच्या. साथीच्या काळात तर वर्ग स्वयंपाकघरातल्या पडद्यावर आला. बाकीच्यांचे चेहरे चौकटीत स्थिर असायचे, नॅडीनच्या चौकटीत कधी कपाट दिसायचं, कधी नळ. तिच्यासोबत आत आलेली मुलं पदव्या घेऊन गेली, तिनेच त्यांच्या कागदांवर शिक्के मारले. ब्राइस जाताना म्हणाला, "तुम्ही अजून त्याच गोष्टीवर आहात?" ती म्हणाली, "हो. तुझं कारण शोधतेय."

प्रबंधाच्या सत्रांत हॉलोवे तिचे मार्गदर्शक झाले. एका दुपारी त्यांनी पानं समोर ठेवली. "घरात गर्दी फार आहे, नॅडीन. आई, बाप, दोन मुली. धाकटी बघते, थोरली कामं करते, वाचणाऱ्याचं लक्ष दोघींत फाटतं. एक मुलगी ठेव. रिकामं घर, बाप आणि एक नऊ वर्षांची पोर. बघ कसं दिसतंय."

थोरली म्हणजे लोइस. नॅडीनहून सात वर्षांनी मोठी, आई गेली तेव्हा सोळाची. आता चौसष्ट वर्षांची, गावाबाहेर बारा मैलांवर बापाच्या त्याच शेतावरच्या घरात राहणारी, चर्चच्या तळघरातल्या प्रत्येक जेवणावळीत भांड्यांपाशी दिसणारी. नॅडीनने एका आठवड्यात तिला प्रबंधातून काढून टाकली. सोपं होतं ते. कामं राहिली ती बापाकडे दिली, थोडी नुसतीच गाळली. आणि खरंच, गोष्ट सुटली, पळायला लागली. रिकाम्या घरात ती पोर एकटी फिरते, खिडक्या मोजते, बाप अंडी करपवतो. नॅडीनला वाटलं, आता जमलं. सातव्या वर्षाच्या मार्चमध्ये समितीने तोंडी परीक्षा घेतली, तिघांनी सह्या केल्या, आणि हॉलोवे म्हणाले, "एकशे एकतीस पानं, आणि एकही फुकट नाही."

दोनच गोष्टी राहिल्या. जाहीर वाचन आणि दाखल करणं.

जाहीर वाचन नॅडीन चोवीस वर्षं भरवत आली होती. ग्रंथालयाच्या दालनात खुर्च्या मांडायच्या, कॉफीचं मोठं भांडं लावायचं, गावच्या वर्तमानपत्राला नावं कळवायची. यंदा नावं कळवताना शेवटी स्वतःचं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं. लोइसला सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण फोन उचलला की दुसरंच बोलून ठेवायची.

लोइस वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचते, हे ती विसरली कशी कोण जाणे.

वाचनाच्या दिवशी दालन भरलं. नॅडीन उभी राहून वाचणार होती, त्यामुळे एकदाच ती इतरांपेक्षा निवांत होती. तिने आई गेल्यानंतरचा पहिला आठवडा वाचला. पोर सकाळी उठते, बाप डबा भरायला विसरतो, पोर शाळेत रिकाम्या हातांनी जाते आणि भूक लागली नाही असं बाईंना सांगते. तिसऱ्या पानावर तिने वर पाहिलं, तर मागच्या रांगेत, चर्चमधल्या दोन बायकांच्या मध्ये, निळा कोट घालून लोइस बसलेली. मांडीवर झाकलेलं ताट.

नॅडीनचा आवाज थांबला नाही, पण पुढची दहा मिनिटं तिने काय वाचलं ते तिला नंतर आठवेना.

टाळ्या झाल्या. माणसं कॉफीकडे वळली. लोइस सरळ पुढे आली. ताटात लिंबाच्या वड्या होत्या, त्या तिने कॉफीच्या टेबलावर ठेवल्या, कागद नीट काढून घडी केला, आणि मग बहिणीकडे बघून म्हणाली,

"तुझा डबा मी भरायचे."

"लोइस, ही गोष्ट आहे. खरं म्हणजे—"

"रोज. लोणीसाखरेचा पाव, आणि शुक्रवारी मासा. तू उपाशी कधी गेली नाहीस शाळेत. एकही दिवस नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "आई पळून गेली हे गावाला सांगितलंस, त्याचं मला काही नाही. आई गेलीच होती. पण मी कुठे गेले गं? मी पण बोटीवर गेले होते का?"

आणि ती गेली. चर्चमधल्या दोघी जणी नॅडीनकडे बघून ओशाळं हसल्या आणि तिच्या मागोमाग निघाल्या. हॉलोवे वडी खात आले. "जबरदस्त झालं. कोण होत्या त्या?"

"माझी बहीण."

"तुला बहीण आहे?" ते म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं. वडी हातातच राहिली.

दाखल करायला अकरा दिवस होते. नॅडीन चार दिवस कामावर जात राहिली, येत राहिली. मजल्यावरून खाली, खालून मजल्यावर. दुसऱ्या मुलांचे प्रबंध तपासले, समास बघितले, पानांचे आकडे बघितले. स्वतःचाही उघडून बघितला. जी पोर रिकाम्या घरात हिंडत होती तिच्या अंगात धुतलेला झगा होता. कुणी धुतला? तिची वेणी घातलेली होती. कुणी घातली? सात वर्षं, एकशे एकतीस पानं, तीन शहाण्या माणसांच्या सह्या, आणि हे एकालाही दिसलं नाही. तिला तरी कुठे दिसलं होतं.

रविवारी ती लोइसकडे गेली. लोइस मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. वारा भरपूर होता. तिने वळून पाहिलं आणि चादरीचं एक टोक पुढे केलं. "धर. आलीच आहेस तर."

दोघी चादरी घालत गेल्या. मग लोइसच बोलली.

"इथेच सांगितलं तिनं मला."

"कुणी?"

"आईने. आणखी कुणी. असंच धुणं घालत होतो. म्हणाली, मी जातेय, पाणी गोठलं की येईन. तुझ्या बापाला दुधाची गाडी गेल्यावर सांग, आधी सांगू नकोस, त्याचं कामात लक्ष लागणार नाही." लोइसने चिमटा लावला. "मी विचारलं, का? तर म्हणाली, आत्ता गेले नाही तर मला तुमची तोंडं बघवेनाशी होतील. तसं होऊ द्यायचं नाहीये मला."

नॅडीनच्या हातातली चादर वाऱ्याने फडफडायला लागली.

"सोळा वर्षांची होते मी," लोइस म्हणाली. "ते वाक्य मी अठ्ठेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. बापाला नाही, नवऱ्याला नाही. तुला तर नाहीच. तुला वाटायचं, ती तुझ्यामुळे गेली. रडायचीस तशी. मी म्हणायचे, मावशी आजारी आहे."

"लोइस, मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? तू आईचा फोटो बघत बसलीस. मी समोर होते ना रोज. विचारायचंस."

नॅडीन अंगणाच्या कडेला जाऊन आली, पुन्हा गेली, पुन्हा आली.

"हिंडू नकोस गं, डोकं फिरतं माझं," लोइस म्हणाली. "अगदी तिच्यासारखी आहेस."

"हे लिहू का मी?"

लोइसने रिकामी टोपली कमरेवर घेतली. "लिही. पण मला तिथे उभी कर. चिमटे हातात घेऊन. आणि मला फार चांगली करू नकोस. मला तुझा राग यायचा. तुझी वेणी घालताना मी मुद्दाम ओढायचे."

सोमवारी सकाळी नॅडीन मार्गोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, की मी प्रबंध दाखल करत नाही.

मार्गोला आधी कळेनाच. "सह्या झाल्यात. वाचन झालंय. एक शिक्का मारायचाय तुला!"

"अर्धं पुन्हा लिहायचंय."

"मग हे दाखल कर आणि दुसरं घरी लिही. पुस्तक करशील तेव्हा बदल. सगळे तेच करतात. आणि नाव उघडं पडेल अशी भीती असेल तर प्रबंध पाच वर्षं वाचकांपासून झाकून ठेवायची सोय आहे, तूच तो फॉर्म देतेस सगळ्यांना."

"भीती नाहीये. हे खोटं आहे."

"गोष्टच ती, नॅडीन."

"गोष्ट म्हणून खोटी आहे. घर असं चालतच नाही."

मार्गो उठून दाराशी आली, दार लावून घेतलं. "ऐक. मुदत या मेमध्ये संपते. आता चुकलं तर तुझा पहिला वर्ग बाद. मी वर बोलते, दोन आठवडे कुणी विचारणार नाही. चोवीस वर्षं आहेस तू इथे."

दोन आठवडे. नॅडीनला ते हवे होते, इतके हवे होते की तिचा हात दाराच्या मुठीवर गेला आणि तिथेच राहिला. मग तिला जिन्यात बसलेली कोरिन आठवली. कोरिनने काही दोन आठवडे मागितले नव्हते. तिला वीस मिनिटं हवी होती.

"मुदतवाढीचा अर्ज असतो," ती म्हणाली. "तो भरते. बाकीचे भरतात तसा."

शुक्रवारी साडेचार वाजले तेव्हा ती टेबलाशी उभी होती. त्या वर्षीचे अकरा प्रबंध आले, अकरा शिक्के मारले. मग मुदतवाढीचा फॉर्म काढला आणि वाकून भरला. 'कारण' या रकान्यात दोन ओळींची जागा होती. तिने लिहिलं, 'एक माणूस राहून गेलं.'

जूनमध्ये उत्तर आलं. एका सत्राची वाढ मंजूर, पण बाद झालेला पहिला वर्ग पुन्हा करावा लागेल. म्हणजे पहिल्या वर्षाची कार्यशाळा. सप्टेंबरात सत्तावन्न वर्षांची नॅडीन, बावीस-तेवीस वर्षांच्या नव्या पोरांबरोबर, पुन्हा त्याच कोपऱ्यातल्या खोलीत. आदल्या आठवड्यात तिने त्यांना भिंतीशी उभं करून नियम सांगितले होते, त्यामुळे ती पोरं तिला पाहून दचकलीच. एक मुलगी कुजबुजली, "ह्या हजेरी घ्यायला आल्यात का?"

उन्हाळाभर तिने लिहिलं होतं. लोइस आली तशी गोष्ट जड झाली, अडखळायला लागली. चलाख वाक्यं गळून पडली. रिकामं घर उरलंच नाही, आता तिथे कुणीतरी सतत काहीतरी करत होतं, आणि धाकटी पोर त्या करणाऱ्या हातांकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती. ते न बघणं लिहायला फार जड गेलं. लोइस रोज सकाळी फोन करायची. "लोणी घरचं होतं, विकतचं नाही." "बाबांनी अंडी करपवली नाहीत. बाबांनी चूल पेटवलीच नाही कधी." कधी म्हणायची, "आज काही नाही, नुसता फोन केला," आणि तेव्हाच अर्धा तास बोलायची. एकदा म्हणाली, की डिसेंबरात आई आली त्या दिवशी मला आनंद झाला नाही, मला वाटलं, आता माझं काय काम? नॅडीनने फोन कानाला तसाच धरून फ्रीजवरच्या वहीत ते लिहून घेतलं, आणि मग विचारलं, "हे घेऊ?"

"घे, घे. उशीर झालाय आता लाजायला."

हॉलोवेंनी नवा प्रबंध वाचला आणि दोन दिवस काही कळवलं नाही. मग ते स्वतःच तिच्या टेबलाशी आले. "आधीचा जास्त देखणा होता," ते म्हणाले.

"हो."

"हा मला सोडेना." त्यांनी सहीचा कागद पुढे केला. "तो सल्ला मी दिला होता. एक मुलगी ठेव म्हणून."

"ऐकला मी होता," नॅडीन म्हणाली.

डिसेंबरात, शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी, एकशे अठ्ठ्याण्णव पानं दाखल झाली. झाकून ठेवण्याचा फॉर्म तिने भरला नाही. पदवीदानाला ती गेली नाही, त्या दिवशी बर्फ पडत होतं आणि तिला आठवं घर बघायला जायचं होतं. कागद जानेवारीत टपालाने आला. पुस्तक कुणी काढलं नाही. अकरा ठिकाणांहून नकार आले, सभ्य भाषेत. बाराव्याने, डुलुथच्या एका छोट्या मासिकाने, धुणं वाळत घालण्याचं प्रकरण तेवढं छापलं. लोइसने वीस अंक मागवले आणि चर्चच्या तळघरात कॉफीच्या टेबलावर ठेवले. दोन बायकांनी तिला विचारलं की वेणी खरंच ओढायचीस का, आणि ती म्हणाली, "अजून ओढली असती."

मेमध्ये मासिकाच्या पत्त्यावरून एक पत्र नॅडीनला आलं. डुलुथशेजारच्या सुपीरियर गावच्या कुणा बाईचं. तिचे वडील एक्याण्णव वर्षांचे, वृद्धाश्रमात. चौऱ्याहत्तर साली ते बोटीवर इंजिनाच्या खोलीत होते. मुलीने त्यांना प्रकरण वाचून दाखवलं, तर म्हणाले, ही मर्टल असणार. स्वयंपाकघरात होती. फार मोठ्याने हसायची. हसली की वरच्या डेकवर ऐकू यायचं.

नॅडीनने लोइसला फोनवर वाचून दाखवलं.

"आपली आई?" लोइस म्हणाली. "हसायची?"

"मोठ्याने, असं लिहिलंय."

"मी तिला कधी..." लोइस थांबली. "तू ऐकलंस कधी?"

"नाही."

मग लोइसने नाक शिंकरलं आणि तिचा नेहमीचा आवाज आला. "किती लांब आहे सुपीरियर?"

"चार तास. मी आत्ता निघते, तुला वाटेत घेते."

"आत्ता नाही. आज माझी चर्चला भांड्यांची पाळी आहे. म्हातारा कुठे पळून जात नाही."

"एक्याण्णव वर्षांचा आहे, लोइस!"

"मग गाडी हळू चालव, वाटेत आपण तरी जिवंत राहू. सकाळी सहाला ये. आणि काही खाऊन येऊ नकोस, मी डबा घेते."

नॅडीन पावणेसहालाच तिच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. दोघी वृद्धाश्रमात पोचल्या, पण त्या म्हाताऱ्याला पत्रात होतं त्याहून फारसं आठवत नव्हतं. मर्टल पत्त्यांत हरायची, आणि हरली की ओरडायची. एका वादळात तिने उभ्या उभ्या सगळ्यांना सूप वाढलं, एक थेंब सांडला नाही. घरी कोण आहे, असं कुणी विचारलं तर म्हणायची, दोन मुली आहेत, थोरली बघतेय.

"बघतेय म्हणजे? काय बघतेय?" लोइसने वाकून विचारलं.

म्हाताऱ्याने खूप आठवून पाहिलं. "तेवढंच म्हणायची," तो म्हणाला.